मैदानावर डोक्यास बसणारा मार

खेळतांना गुडघा फुटला तर रक्त दिसतें; हात मोडला तर तो लोंबतो व त्यावर सूज चढते. असें कांहीं झालें म्हणजे खेळाडूनें बाहेर जावें कीं नाहीं, याविषयीं मैदानावर कोणी वाद घालीत नाहीं. परंतु डोक्यास मार बसून मेंदूस हिसका बसला, तर बाहेरून बहुधा कांहींच दिसत नाहीं. मुलगा क्षणभर भांबावतो, डोळे चोळतो, अंगावरची तांबडी माती झाडतो आणि पुन्हां आपल्या जागीं जाऊन उभा राहतो. प्रेक्षक टाळ्या वाजवितात, कर्णधार पाठ थोपटतो आणि सामना पुढें चालू होतो. या टाळ्या योग्य आहेत काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

रत्नागिरीच्या विद्यार्थ्यास हा विषय परका वाटूं नये. कबड्डी, खोखो, कुस्ती, फुटबॉल व क्रिकेट हे आपल्याकडील मुलांचे आवडते खेळ. जुनीं माणसें जिला हुतूतू म्हणत, ती कबड्डी १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें परकीयांना करून दाखविली. १९९० सालीं बीजिंग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत तिला स्थान मिळालें, आणि आज तिचे सामने दूरचित्रवाणीवर घरोघर पाहिले जातात. ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु चढाई करणाऱ्याचा घोटा धरून त्यास मागें खेंचलें, कीं तो पाठीवर पडतो व त्याचें डोकें जमिनीवर आपटतें. पकडीसाठीं दोघे एकदम झेपावले, तर कपाळावर कपाळ आदळतें. कोणाचा गुडघा कोणाच्या कानशिलास लागतो. खोखोंत खांबाशीं वळतांना खांबच डोक्यास लागण्याचा संभव असतो. फुटबॉलमध्यें उंच उडालेल्या एका चेंडूसाठीं दोन डोकीं एकाच वेळीं वर जातात. त्यांतून आपल्याकडील पुष्कळ मैदानें जांभ्या कातळाच्या पाठीवर आहेत. वर मातीचा थर पातळ, आणि वैशाखांत ती मातीही दगडासारखी होते. कोल्हापूरच्या तालमींत हौद्यांतल्या तांबड्या मातींत ताक, तेल व हळद घालून ती मऊ राखतात. पडणाऱ्याचें अंग राखावें, हें शहाणपण जुन्या वस्तादांना पुस्तकावांचून ठाऊक होतें.

आतां डोक्याच्या आंत काय घडतें तें पाहूं. प्रौढ मनुष्याचा मेंदू सुमारें १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असून अतिशय मऊ असतो. त्याच्या भोंवतीं पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो आणि त्याच्या बाहेर कवटीची पेटी. सुका नारळ कानाशीं धरून हालविला, म्हणजे करवंटीपासून सुटलेला गोटा आंत खडखडतो, हें कोंकणांतल्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे. करवंटीस तडा गेलेला नसतो, तरी गोटा आंतल्या आंत आदळत असतो. कवटी शाबूत राहूनही मेंदूस इजा कां होते, तें यावरून ध्यानांत येईल. परंतु गोटा कठीण असतो आणि मेंदू मऊ, म्हणून हा दृष्टान्त येथवरच चालतो. मेंदूचें नुकसान आदळण्यापेक्षां पिळवटण्यानें अधिक होतें. डोकें गर्रकन् फिरलें म्हणजे मेंदूचे सर्व थर एकाच वेगानें फिरत नाहींत, आणि त्यांतून जाणारे अतिसूक्ष्म मज्जातंतू ताणले जातात. ताणल्या गेलेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतें व कॅल्शियम आंत शिरतें. हीं द्रव्यें पुन्हां आपापल्या ठिकाणीं आणण्यासाठीं मेंदूस नेहमींपेक्षां जास्त शक्ति खर्चावी लागते, आणि नेमका त्याच वेळीं त्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. दुष्काळांत घरीं पाहुणे यावे तशी त्याची ओढाताण होते.

या अवस्थेस डॉक्टर कन्कशन म्हणतात. आपण तिला मेंदूचा हिसका म्हणूं. हा बिघाड मुख्यतः मेंदूच्या कार्यांतला असतो, म्हणून सी. टी. स्कॅनच्या चित्रांत तो बहुधा दिसत नाहीं. चित्र स्वच्छ आलें, याचा अर्थ हाड मोडलेलें नाहीं व आंत रक्तस्राव दिसत नाहीं, एवढाच. त्यावरून मेंदूस हिसका बसलाच नाहीं असें अनुमान काढणें चुकीचें आहे.

याविषयीं दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. पहिला असा कीं, शुद्ध हरपली तरच मार गंभीर. वस्तुतः मेंदूस हिसका बसलेल्यांपैकीं बहुसंख्य खेळाडूंची शुद्ध मुळींच जात नाहीं. दुसरा गैरसमज असा कीं, मार प्रत्यक्ष डोक्यालाच बसला पाहिजे. छातीस किंवा खांद्यास जोराचा धक्का बसून मान व डोकें झटक्यानें हाललें, तरीही हीच इजा होऊं शकते.

लक्षणें अशीं : डोकें दुखणें, चक्कर येणें, मळमळणें, अंधुक दिसणें, उजेड व गोंगाट सहन न होणें, चालतांना तोल जाणें, विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर उशिरां देणें, आपण कोणत्या बाजूनें खेळत आहों हें विसरणें, तोच प्रश्न पुन्हां पुन्हां विचारणें, एरव्हीं शांत असलेल्या मुलानें विनाकारण चिडणें किंवा रडूं लागणें. यांपैकीं कांहीं लक्षणें तत्काळ दिसतात, कांहीं कित्येक तासांनीं आणि कांहीं दुसऱ्या दिवशीं. सामना संपेपर्यंत बरा असलेला मुलगा दुसऱ्या दिवशीं वर्गांत फळ्यावरचीं अक्षरें पाहून डोकें धरून बसला, तर तो ढोंग करीत आहे असें शिक्षकानें समजूं नये.

या इजेहून वेगळी व अधिक भयंकर गोष्ट म्हणजे कवटीच्या आंत होणारा रक्तस्राव. कानशिलाचें हाड पातळ असतें आणि त्याच्या आंतल्या बाजूनें एक धमनी जाते. हाडास तडा जाऊन ती फाटली, तर रक्त हळूहळू सांठत जातें. मुलगा प्रथम उठतो, बोलतो, चालतो. सर्वांना वाटतें कीं संकट टळलें. पुढें सांठलेलें रक्त मेंदूस दाबूं लागलें, कीं तो ग्लानींत जातो. मधला जो बरा काळ असतो, तोच सर्वांना फसवितो. १९९८ सालच्या फेब्रुवारींत ढाका येथें भारताचे माजी कसोटी खेळाडू रमण लांबा फलंदाजाच्या अगदीं जवळ, हेल्मेट न घालतां, क्षेत्ररक्षण करीत होते. फटकावलेला चेंडू त्यांच्या डोक्यास लागला. ते स्वतःच्या पायांनीं मैदानाबाहेर गेले. परंतु थोड्याच वेळांत त्यांची प्रकृति बिघडली, आणि मेंदूंतील रक्तस्रावानें तिसऱ्या दिवशीं त्यांचें देहावसान झालें. त्यांचें वय अवघें ३८ वर्षांचें होतें.

याच्या आधींचें एक उदाहरण आपल्याकडील क्रिकेटच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. १९६२ सालीं भारताचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असतांना बार्बाडोस येथील ब्रिजटाउनच्या मैदानावर कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांना चार्ली ग्रिफिथ या वेगवान गोलंदाजाचा चेंडू डोक्यावर लागला. त्या काळीं फलंदाज शिरस्त्राण वापरीत नसत. कवटी भंगली, तातडीनें शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, आणि कित्येक दिवस ते जीवनमरणाच्या सीमेवर होते. त्या वेळीं रक्त देण्यास जे पुढें आले, त्यांत चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर हे त्यांचे सहकारी होते, आणि प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल हेही होते. कॉन्ट्रॅक्टर वांचले. पुढें ते पुन्हां प्रथम श्रेणीचे सामने खेळले, परंतु कसोटी सामना त्यांना पुन्हां खेळावयास मिळाला नाहीं. त्यांच्या डोक्यांत बसविलेली धातूची पट्टी तब्बल साठ वर्षांनीं, २०२२ सालीं, काढण्यांत आली. एका चेंडूचा परिणाम मनुष्यास किती दूरवर वागवावा लागतो, हें यावरून दिसतें. १९७६ सालीं जमैकांतील किंग्स्टन येथें अंशुमान गायकवाड यांनी ८१ धावा काढून संघाची बाजू धैर्यानें सांवरून धरली. पण शेवटीं कानावर बसलेल्या चेंडूनें त्यांच्या कानाच्या पडद्यास इजा झाली व त्यांना रुग्णालयांत न्यावें लागलें.

पुढें शिरस्त्राणें आलीं. १९७८ सालीं त्याच ब्रिजटाउन येथें ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहॅम यालप हे कसोटी सामन्यांत हेल्मेट घालून खेळावयास उतरले, तेव्हां प्रेक्षकांनीं त्यांची हुर्यो केली. आज हेल्मेटावांचून वेगवान गोलंदाजीपुढें उभें राहणाऱ्यास आपण वेडा म्हणूं. परंतु हेल्मेटाकडून काय अपेक्षावें तेंही समजून घेतलें पाहिजे. दह्याचें मडकें जाड गोणपाटांत गुंडाळून नेलें, तर ठेंच लागल्यावर मडकें फुटणार नाहीं. पण आंतलें दहीं मोडावयाचें राहात नाहीं. हेल्मेट कवटी राखतें; मेंदूचा हिसका तें पूर्णपणें टाळूं शकत नाहीं. शिवाय हेल्मेटाच्या कडेखालीं मान उघडी राहते. २०१४ सालच्या नोव्हेंबरांत सिडनी येथें फिलिप ह्यूज या तरुण फलंदाजाच्या हेल्मेटाखालीं, मानेच्या बाजूस, चेंडू लागला. तेथील धमनी फाटून मेंदूभोंवतीं रक्तस्राव झाला, आणि दोन दिवसांनीं ते वारले.

आतां जी गोष्ट विद्यार्थ्यांनीं सर्वांत अधिक लक्षांत ठेवावी, ती सांगतों. पहिला हिसका पुरता बरा होण्यापूर्वीं दुसरा बसला, तर कांहीं प्रसंगीं मेंदूंतील रक्तवाहिन्यांवरचा ताबा सुटतो व मेंदू कांहीं मिनिटांतच सुजूं लागतो. कवटी हाडाची, तिला फुगण्यास वाव नाहीं. तेव्हां मेंदू आंतल्या आंत दाबला जातो. हा प्रकार विरळा आहे, परंतु बहुधा प्राणघातक असतो, आणि तो घडल्याचीं नोंदलेलीं उदाहरणें मुख्यतः कुमारवयीन व तरुण खेळाडूंचीं आहेत. दुसरा मार फार जोराचा असावा लागतो असेंही नाहीं. २०११ सालीं उत्तर आयर्लंडमध्यें चौदा वर्षांचा एक विद्यार्थी शाळेच्या रग्बी सामन्यांत डोक्यास मार बसल्यानंतरही खेळत राहिला, पुन्हां मार बसून कोसळला व मरण पावला. चौकशीअंतीं मृत्यूचें कारण हेंच ठरलें. त्यानंतर ब्रिटनमध्यें शाळांच्या खेळांसाठीं एक साधा नियम रूढ झाला : शंका आली, तर खेळाडूस बाहेर बसवा. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यानें तर २००९ सालींच कायदा करून ठेविला कीं, डोक्यास इजा झाल्याची शंका असलेल्या मुलास तत्काळ बाहेर काढावें, आणि अधिकृत वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय परत घेऊं नये. पुढें इतर राज्यांनींही तोच मार्ग धरला.

वारंवार बसणाऱ्या मारांचा परिणाम वेगळा. १९२८ सालीं हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरांनीं मुष्टियोद्ध्यांमध्यें आढळणाऱ्या एका विकाराचें वर्णन केलें. वर्षानुवर्षें डोक्यावर ठोसे खाल्लेल्या या लोकांची चाल अडखळते, बोलणें जड होतें व बुद्धि मंदावते. २००२ नंतर डॉ. बेनेट ओमालू यांना अमेरिकन फुटबॉल खेळलेल्या माणसांच्या मेंदूंतही तशाच खुणा आढळल्या. २०१९ सालीं स्कॉटलंडमध्यें ७६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या ऱ्हासरोगानें मरण येण्याचें प्रमाण इतर लोकांच्या सुमारें साडेतीनपट आढळलें. हीं उदाहरणें पोटासाठीं आयुष्यभर खेळणाऱ्यांचीं आहेत. शाळेंत आठवड्यास दोन दिवस खेळणाऱ्या मुलानें त्यांवरून घाबरून जाऊं नये. तथापि लहान मुलांनीं सरावांत डोक्यानें चेंडू मारूं नये, असे नियम अमेरिकेंत व इंग्लंडांत झाले आहेत. ते आपणही पाळले तर खेळाची गोडी यत्किंचितही कमी होणार नाहीं.

मग मैदानावर करावें काय? डोक्यास मार बसून मुलगा निपचित पडला, तर त्यास ओढून उभें करूं नये. मानेस इजा असल्यास त्या ओढण्यानें ती वाढेल. तोंडावर पाण्याचे हबके मारणें, शुद्ध आलेली नसतां पाणी पाजणें हे उपचार नव्हेत. डोकें व मान हालूं न देतां, श्वास नीट चालला आहे ना हें पाहात, १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर असलेल्या मुलास बाहेर सावलींत बसवून सोपे प्रश्न विचारावे : आतां चढाई कोणाची होती? गुण किती झाले? गेला सामना कोणाशीं झाला? उत्तरें चुकलीं, तर निर्णय झालाच. पण उत्तरें बरोबर आलीं म्हणून त्यास परत पाठविण्याचा अधिकार कोणास प्राप्त होत नाहीं. त्या दिवसाचा त्याचा खेळ संपला. त्यास एकटें सोडूं नये, आणि सायकलीवर किंवा दुचाकीवर बसून घरीं जाऊं देऊं नये.

पुढील लक्षणांपैकीं एकही दिसल्यास क्षणाचाही विलंब न करतां रुग्णालय गांठावें : डोकेदुखी वाढत जाणें, पुन्हां पुन्हां वांति होणें, झटके येणें, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणें, बोलणें अडखळणें, डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणें, नाकाकानांतून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणें, मान फार दुखणें, जागें करूनही जागें न होणें. खेड्यापाड्यांतील पालकांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. रत्नागिरीहून कोल्हापूर आंबा घाटाच्या वाटेनें सुमारें १३० किलोमीटर आहे. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं एवढें अंतर जावें लागलें, तर सकाळपर्यंत वाट पाहूं म्हणून घालविलेली रात्र परत मिळत नाहीं.

धोक्याचें लक्षण नसल्यास घरीं विश्रांति द्यावी. मुलास रात्रभर जागें ठेवावें ही समजूत जुनी आहे. डॉक्टरांनीं तपासून हरकत नाहीं म्हटल्यास झोंप हितकारकच असते. डॉक्टरांस विचारल्यावांचून ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देऊं नयेत. पूर्वीं अंधाऱ्या खोलींत आठवडेच्या आठवडे पडून राहण्याचा सल्ला देत. आतांचें मत निराळें आहे. २०२२ सालीं ॲमस्टरडॅम येथें भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनें असें ठरविलें कीं, पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांति घ्यावी, मोबाइल व दूरचित्रवाणी कमी पाहावी, आणि मग त्रास फारसा वाढणार नाहीं इतपत चालणें-फिरणें सुरू करावें.

मैदानावर परतणें हें जिना चढण्यासारखें आहे. पायरी गाळतां येत नाहीं. प्रथम घरांतलीं रोजचीं कामें. नंतर हलका व्यायाम. नंतर एकट्यानें धांवणें व खेळाच्या हालचाली. नंतर धक्काबुक्की नसलेला सराव. नंतर डॉक्टरांच्या संमतीनें पूर्ण सराव. आणि शेवटीं सामना. प्रत्येक पायरीस निदान एक दिवस द्यावा. त्रास वाढल्यास एक पायरी खालीं यावें. आणि वर्गांतला अभ्यास पूर्ववत् जमूं लागल्यावांचून पूर्ण सरावाच्या पायरीवर पाय ठेवूंच नये. मुलांना पुरतें बरें होण्यास पुष्कळदां चार आठवडेही लागतात. तोंवर शिक्षकांनीं लेखनाचा भार हलका करावा, जरूर तर परीक्षेंत सवलत द्यावी.

कोणी म्हणेल कीं, असें जपून खेळणें म्हणजे मुलांना भित्रीं करणें होय. या आक्षेपाचें उत्तर दिलें पाहिजे, कारण मुलें मार लपवितात तीं याच भीतीनें. पाय दुखत असतां धांवणारा मुलगा निदान आपल्या दुखण्याचें मोजमाप स्वतः करूं शकतो. मेंदूच्या बाबतींत तसें नाहीं. ज्या तराजूनें तोलावयाचें तोच येथें बिघडलेला असतो. म्हणून “मला कांहीं झालें नाहीं, मी खेळतों,” हे डोक्यास मार बसलेल्या मुलाचे शब्द कितीही प्रामाणिक असले, तरी ते पुरावा म्हणून ग्राह्य धरतां येत नाहींत. निर्णय दुसऱ्यानें घेतला पाहिजे. आणि सामना अटीतटीचा असतां तो निर्णय घेण्यास जें धैर्य लागतें, तें चढाईच्या धैर्याहून कमी प्रतीचें नाहीं.

मोठ्या खेळाडूंच्या जगानेंही हें मान्य केलें आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्यें मेंदूस हिसका बसलेल्या खेळाडूच्या जागीं दुसरा खेळाडू घेण्याची मुभा आहे. त्याच महिन्यांत लॉर्ड्स येथें ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह स्मिथ यांच्या जागीं मार्नस लाबुशेन उतरले. २०२० सालच्या डिसेंबरांत कॅनबेरा येथें रवींद्र जडेजा यांच्या डोक्यास चेंडू लागल्यावर त्यांच्या जागीं युजवेंद्र चहल आले, आणि भारतानें तो सामना जिंकला. बाहेर बसणाऱ्यास कोणी भित्रा म्हटलें नाहीं.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, खूप खेळा. व्यायामावांचून वाढलेलें शरीर हा दुसराच अनर्थ आहे. परंतु शेजारचा गडी पडून उठल्यावर वेड्यासारखा इकडे तिकडे पाहूं लागला, तर गुणफलकाकडे न पाहतां हात वर करा आणि पंचांना सांगा. तुम्हीं त्याच्या जवळ असतां. शिक्षकांना जें दूरून दिसत नाहीं, तें तुम्हांस दिसतें. त्या दिवशीं तो तुमच्यावर रागावेल, कदाचित् सामनाही हातचा जाईल. पण सामने पुढील वर्षीं पुन्हां भरतील, आणि ते खेळावयास तो तुमच्याबरोबर असेल.